बाबांच्या फोटोच्या जागी एसी

एसी घ्यायचं मी आईला न विचारता ठरवलं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, मग तिने दादाला फोन केला असता आणि दादा दुसऱ्यांदा नाही म्हणाला असता. नवऱ्याचं घर सोडून मी आईकडे परत आले तेव्हापासून हे असंच चाललं होतं. घरात मी राहायचे, पगार मी आणायचे, आणि भिंतीला कुठला रंग द्यायचा हे शेलार गावात राहणारा माझा मोठा भाऊ सांगायचा.

आमची बिल्डिंग निजामपुऱ्यातल्या एका अरुंद गल्लीत आहे. तळमजल्याला कापड विणायच्या लूमचे गाळे, वर राहणाऱ्यांचे मजले, आणि सगळ्यात वर आम्ही. आमच्यावर फक्त गच्ची. उन्हाळ्यात ती गच्ची दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता आमच्या अंगावर सोडते. खिडकी उघडली की लूमची खटखट आणि कापसाचा भुगा आत येतो. भुगा पाण्याच्या पिंपावर बसतो, डाळीत बसतो, नाकात बसतो. खिडकी लावली की घामाने गादी ओली होते. बाबांनी हे घर घेतलं तेव्हा ते सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, बॉयलरवर होते. स्वस्त मिळालं म्हणून त्यांनी वरचा मजला घेतला. ते गेल्यावर घर आईच्या नावावर झालं.

मी वडप्याला एका गोदामात डिस्पॅचला आहे. तिथे चॉकलेटसाठी एक वेगळी थंड खोली आहे. तिचं दार जरा उघडं राहिलं तरी सुपरवायझर अंगावर येतो, माल खराब होईल म्हणून. बाहेर पत्र्याखाली आम्ही सगळे भिंतीवरच्या पंख्यासमोर आळीपाळीने उभे राहतो. आमचं काय होईल हे त्याने कधी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी मला तिथेच फोन आला. आई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली होती. शेजारच्या बाईंना भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून त्या धावल्या, नाहीतर मी घरी पोहोचेपर्यंत ती तशीच राहिली असती. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला म्हणाले, "यांना थंड जागेत ठेवा. या वयात हा उकाडा सोसत नाही."

दादा आला. "आईला मी नेतो," म्हणाला. "माझ्याकडे एसी आहे."

त्याने नेलं. आठवडाही झाला नाही तोच आई रिक्षा करून पिशवीसकट परत आली. मी विचारलं तर म्हणाली, "करमत न्हाय तिथं." तिने टाळलं की मी विचारत नाही.

त्याच रविवारी मी बाजारातल्या एका मोठ्या दुकानात गेले. पोट सुटलेला, शर्टाला दुकानाचा बिल्ला लावलेला सेल्समन माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब येतायत का मागून?"

"साहेब नाहीत. मला दाखवा."

"तसं नाही मॅडम, टेक्निकल असतं ना थोडं."

मी घरून टेपने खोली मोजून आणली होती. लांबी-रुंदी सांगितली, वर गच्ची आहे ते सांगितलं, पश्चिमेची भिंत आहे तेही सांगितलं. त्याने यातलं काही ऐकलं नाही. खोली लहान आहे, एक टन पुष्कळ झाला, म्हणत तो मला एका धूळ बसलेल्या मशीनपाशी घेऊन गेला. ते मॉडेल त्याला खपवायचं होतं. मी विचारलं, आतली कॉइल तांब्याची आहे का? तो म्हणाला, काय फरक पडतो. मी विचारलं, खालचे लूम चालू झाले की आमच्याकडे दिवे मंदावतात, विजेच्या तेवढ्या कमी दाबावर हा चालेल का? तो म्हणाला, तुम्ही लाईटवाल्यांकडे तक्रार करा. तेवढ्यात माझ्यामागून एक माणूस आत आला आणि तो माझं बोलणं अर्धं टाकून त्याच्याकडे वळला. "आइये सेठ, आइये."

मी दुकानातून बाहेर पडले. दोन दुकानं पुढे गेले आणि तिथून दीड टनाचा, तांब्याच्या कॉइलचा, इन्व्हर्टरचा घेतला, सोबत स्टॅबिलायझर घेतला. तो दुकानदारही काही गोड बोलला नाही. पण मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बघून दिलं, एवढं मला त्या दिवशी पुरलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मला नको. मी पंख्याखाली झोपेन."

"तुझ्यासाठीच घेतलाय."

"माज्यासाठी न्हाय. तुला पायजे म्हणून घेतलास."

ते खोटंही नव्हतं.  आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिने दादाला फोन केला.

एसी बसवायला दोघं आले, दोघंही माझ्याच वयाचे. एक बोलणारा, दुसरा तोंडात सुपारी धरून गप्प. बोलणाऱ्याने खोली पाहिली. बाहेरची भिंत एकच, त्यातली अर्धी खिडकीने घेतलेली. उरलेल्या अर्ध्या भागात, पलंगाच्या वर, बाबांचा फोटो होता.

"दीदी, यहीं लगेगा," तो म्हणाला. "पाईप सीधा बाहर जाएगा. दूसरी जगह नहीं है."

मी स्टुलावर चढून फोटो काढला. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला, भोवती पिवळट रंग. फोटो मी पुसला आणि हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीशेजारी टेबलावर टेकवून ठेवला. आई दारात उभी राहून बघत होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं. तिला राग आला की ती असं करते.

खिळा उपटून झाला होता, भोक कुठे पाडायचं त्याची पेन्सिलने खूण झाली होती, तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. दादा आत आला. चपला-बूट दारात काढायचे असतात हे विसरून त्याने सरळ बेडरूम गाठली.

"थांबव ते."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं.

"चालू ठेवा," मी म्हणाले.

"भिंतीला भोक पाडायचं नाही. माझ्या बापाचं घर आहे."

"माझा कोण होता?"

"बाबांचा फोटो काढून तिथे मशीन लावतेस. लाज वाटत नाही?"

"फोटो हॉलमध्ये आहे. येताना दिसला असता तुला, बूट काढायला थांबला असतास तर."

तो लाल झाला. आईने मध्येच म्हटलं, "हळू बोला. खाली आवाज जातो." खाली लूम चालू होते, मेलेला माणूस उठून ओरडला असता तरी खाली कुणाला ऐकू गेलं नसतं.

दादाने मग सूर बदलला. असं करताना तो नेहमी समजूतदार माणसासारखा बोलतो आणि तेव्हाच तो मला जास्त असह्य होतो. "हे बघ, विंडो एसी घे. खिडकीत बसेल. उद्या काढायचा झाला तर काढता येतो. भिंत फोडायची, पाईप टाकायचे, म्हणजे मग काय, कायमचंच झालं ना."

तेव्हा मला कळलं की तो भिंतीबद्दल बोलतच नव्हता.

"कायमचं म्हणजे काय?" मी विचारलं.

"तुला माहितीय."

"नाही माहिती. तूच सांग, आईसमोर."

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तू इथे तात्पुरती आलेलीस. आम्ही कुणी काही बोललो नाही. पण म्हणून घर तुझं झालं असं नाही."

सुपारीवाला मेकॅनिक बाहेर गॅलरीत निघून गेला. दुसरा ड्रिल हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला मराठी नीट येत असावं, कारण त्याची मान खाली गेली होती.

मला खूप काही बोलायचं होतं. आईच्या दवाखान्याच्या चकरा कुणी मारल्या, गच्ची गळायला लागली तेव्हा डांबर कुणी लावून घेतलं. पण यातलं आधी काय काढावं तेच ठरेना. दादाने ते माझं गप्प बसणं आपल्या बाजूने धरलं.

"बाबांनी अख्खं आयुष्य बॉयलरसमोर काढलं," तो म्हणाला. "कधी तक्रार केली नाही. आणि तुला पंखा पुरत नाही."

याने मात्र माझा आवाज परत आला. "बाबा कामावरून आले की मोरीत बसून अंगावर तांब्यामागून तांबे ओतायचे. मग ओलं फडकं छातीवर घेऊन फरशीवर पडायचे. तू तेव्हा क्रिकेट खेळायला गेलेला असायचास. तक्रार नव्हती असं तुला वाटतं, कारण तू घरात नव्हतास."

"ते जाऊ दे. आईला थंड पाहिजे तर माझ्याकडे येऊ दे. माझ्याकडे एसी आहे. तिलाच राहायचं नाही, मी काय करू?"

आई तोपर्यंत पलंगाच्या कडेवर बसली होती. ती आयुष्यात माझ्या बाजूने बोललेली मला आठवत नाही. मी नवऱ्याला सोडून आले तेव्हा तिने मला पहिल्यांदा विचारलं होतं, दादाला सांगितलंस का. त्यामुळे तिच्याकडे मी पाहतही नव्हते.

ती दादाला म्हणाली, "तुज्याकडं मी हॉलमधीच झोपते रे."

दादाने खिडकीकडून मान वळवली.

"एसी तुमच्या खोलीत हाय. तुमचं दार लागतं. मी हॉलमधी पंख्याखाली. तिथं पंखा, हितं पंखा. मग हितं काय वाईट." ती रागाने बोलत नव्हती. गॅस संपलाय असं सांगावं तशी बोलली. "तुमचं काय चुकतं असं न्हाय म्हणत मी. नवरा-बायकोची खोली ती. पण माज्याकडं एसी हाय, माज्याकडं एसी हाय, असं लोकांना सांगू नको."

दादाच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्याने रुमाल काढला, पुसला, परत खिशात ठेवला. "तू मला आधी बोलायचं होतंस," तो आईला म्हणाला.

"काय बोलायचं त्यात?"

तो गेला. जाताना हॉलमध्ये बाबांच्या फोटोपाशी थांबला, फोटो जरा सरळ केला आणि बाहेर पडला. दार त्याने आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मेकॅनिक हळूच म्हणाला, "दीदी, करूं?"

"करा."

भोक पडलं. विटेची लाल भुकटी पलंगावर, चादरीवर, खिडकीच्या जाळीवर पसरली. आरपार भोकातून गल्लीतला उजेड आत आला आणि मग पाईपने तो बंद झाला. बाहेरचं युनिट ब्रॅकेटवर चढवताना मेकॅनिकने खाली गाळ्यांकडे पाहिलं आणि बजावलं, कापूस जाळीत अडकेल, दर थोड्या दिवसांनी धुवायला लागेल, नाहीतर मशीन बंद पडेल. मग त्याने रिमोट माझ्या हातात दिला. हवा थंड यायला लागली. मला वाटलं होतं मला आनंद होईल. मी पलंगावरची लाल भुकटी झटकायला लागले.

आनंद व्हायला आईने जागाच ठेवली नाही. संध्याकाळी तिने आपली गादी बेडरूममधून उचलून हॉलमध्ये टाकली.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"तुज्यामुळं मला त्याला तसं बोलाय लागलं," ती म्हणाली. "माज्या लेकाचं तोंड बघितलंस का तू?"

ती हॉलमध्ये झोपली आणि मी बंद दाराआड, थंडगार खोलीत. दार उघडं ठेवून पाहिलं तर ती उठून ते लावून घ्यायची. माझ्याशी ती फक्त कामापुरतं बोलायची: दूध आलं, पाणी गेलं, भाकरी झाकून ठेवली. मला तिची दया आली नाही. मला तिचा प्रचंड राग आला, आणि त्या रागात मी मुद्दाम एसी आणखी थंड करून, पांघरूण घेऊन झोपले.

काही दिवसांनी गोदामात लाईट गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. मी दुपारीच घरी आले. माझ्या किल्लीने दार उघडलं, हॉलमध्ये आई नव्हती. बेडरूमचं दार बंद. ढकललं तर आत एसी चालू होता आणि आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती, पायांवर माझी चादर, रिमोट उशीखाली. मी दार परत लावलं आणि हॉलमध्ये, तिच्या गादीवर, घाम पुसत बसून राहिले. उठल्यावर तिने मला पाहिलं. "आज लवकर आलीस," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. त्या रात्री गादी हॉलमधून उचलली गेली. त्याबद्दल आमच्यात आजपर्यंत एक शब्द झालेला नाही.

बुद्धपौर्णिमेला दादा आणि वहिनी आले. आईने खीर केली होती. वंदना झाली, खीर वाढून झाली. वहिनी पदराने वारा घेत इकडेतिकडे बघत होत्या. "आत चालू आहे का?" त्यांनी मला विचारलं आणि वाटी घेऊन बेडरूममध्ये गेल्या. पाठोपाठ मीही गेले. दादा हॉलमध्येच बसला. आई त्याला म्हणाली, "आत बस जरा, गार हाय." तो म्हणाला, "मला इथेच ठीक आहे." मग आईही त्याच्याजवळ हॉलमध्ये बसली.

वहिनींनी दार लोटलं. आम्ही दोघी पलंगावर बसलो. बाहेर तो आईला काहीतरी म्हणत होता, मला एवढंच ऐकू आलं, "घराचं नंतर बघू." आईने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. वहिनींनाही दादाचं ते बोलणं ऐकू आलं असणार, कारण त्यांनी एकदम खिरीत वेलची जास्त झाल्याचं काढलं. मी म्हणाले, आईने केलीय, तिलाच सांगा.  भांडणाचं काही नव्हतं, बोलायलाही काही नव्हतं. आम्ही खीर संपवली, आणि दादाने बाहेरून "चल, निघू" म्हणेपर्यंत दोघी तिथे गारव्यात एकमेकींकडे न बघता बसून राहिलो.