उलटं वाढलेलं पान

नवऱ्याला मेंदूचा झटका आला त्याला आता दीड वर्ष होईल. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, गेली ती डावी बाजू. डावा डोळा नव्हे. दोन्ही डोळे शाबूत आहेत. पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जग दिसत नाही, आणि दिसत नाही हे त्यांना कळतही नाही. मी एकदा विचारलं, तिकडे अंधार दिसतो का? म्हणाले, अंधार कशाला, तिकडे काही नाहीच. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

इंदूरला एका मुलीकडे आम्ही नजरेच्या व्यायामासाठी जायचो. माझ्या लेकीहून लहान, पण समज मोठी. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आंटी, आँखें ठीक हैं. दिमाग़ बाईं तरफ़ को भूल गया है. उसे रोज़ याद दिलाना पड़ेगा." मग घरी व्यायाम सुरू झाले. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची. मान वळवून ती दिसली की मगच ओळ वाचायची. पानभर गोळे काढलेले असायचे, ते सगळे खोडायचे. हे उजवीकडचे तेवढे खोडून कागद माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, झालं. अर्धा कागद तसाच. ज्या माणसाने उभी नोकरी कागद कारखान्यात डागी कागद वेचून काढण्यात घालवली, त्याच्यापुढे हा कागद मी परत सरकवायची.

जेवणातही तेच. भाजी, आमटी संपायची आणि ताटाची डावी बाजू जशीच्या तशी राहायची. वर मलाच विचारायचे, आज चटणी केली नाही का? मी हाडाची मास्तरीण, आमच्या राजपुरा पेठेतल्या निम्म्या पोरांचे कान माझ्या हातून पिळले गेलेत. मी गुणांची वही सुरू केली. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. जे सापडेल त्याला एक गुण. पहिल्या महिन्यात शून्य, एक, शून्य. चौथ्या महिन्यात रोज पाचपैकी पाच. मी हरखून इंदूरला फोन केला.

त्या मुलीने एवढंच विचारलं की, ताटातल्या वस्तूंच्या जागा रोज बदलता ना? तसं तिने आधीच बजावलं होतं. चष्मा, कंगवा, पाण्याचा पेला, सगळं मी रोज हलवत होते. ताट मात्र नाही. आमच्या घरी पितरांचं पान उलटं वाढतात, डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे. जित्या माणसापुढे, तेही मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसापुढे, तसं पान मी कुठल्या हाताने ठेवू? हे त्या पोरीला कसं समजवायचं? मी म्हणाले, "हाँ बेटा, बदलती हूँ."

म्हणजे खोटं बोलले.

गाडीचं तिने स्पष्ट सांगितलं होतं की, इथे येऊन तपासणी झाल्याशिवाय स्कूटरला हात लावायचा नाही. पण इंदूर लांब, आणि ह्यांची भुणभुण सकाळ-संध्याकाळ. "मला सगळं दिसून राहिलं. तूच तर पाच मार्क देऊन राहिली," असं म्हणायचे. माझ्याच वहीने माझं तोंड बंद केलं. एका सकाळी वैतागून किल्ली दिली. म्हटलं, भाजीबाजारापर्यंत, हळू, आणि सरळ घरी. आठ दिवस ते जाऊन येत होते. मेथी आणायचे, खुशीत असायचे. मी गॅलरीतून कोपऱ्यापर्यंत बघायची. पुढचं दिसायचं नाही, पण ते वळले की तिकडून हॉर्न फार वाजायचे. आपल्या गावाला हॉर्नची हौसच आहे, असं म्हणून मी आत यायची.

नवव्या दिवशी सासऱ्यांचं श्राद्ध होतं. मी पितरांचं पान वाढलं, कावळ्याचं वाढलं, आणि हात त्याच लयीत चालत राहिला. ह्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि वळले. ह्यांचंही पान मी उलटंच वाढलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. ताट ओढून घ्यायला मी वाकणार, तेवढ्यात त्यांचा हात डावीकडे गेला. सरळ, न चाचपडता, रोजच्या चटणीच्या जागी. तिथे कढीची वाटी होती, नुकती उकळलेली. चारही बोटं आत गेली.

ते ओरडले. मी पाणी आणलं, बोटं पाण्यात धरली. पण माझं लक्ष बोटांकडे नव्हतंच. वाटी काही लहान नव्हती, वाफ निघत होती, आणि ह्यांची मान सरळ होती. डोळे वळलेच नव्हते. सत्तर वर्षं चटणी जिथे असते तिथे हात गेला होता. सगळे गुण हातालाच मिळाले होते. डोळ्यांनी चार महिन्यांत एकदाही ताटाच्या डावीकडे पाहिलं नव्हतं.

मी त्यांचा हात तसाच सोडून खाली गेले. स्कूटर भिंतीला डावी बाजू टेकवून उभी असायची, म्हणून ती बाजू मी कधी पाहिली नव्हती. गाडी ओढून बाहेर काढली. उजवी बाजू चकचकीत. डावी बाजू पुढून मागपर्यंत खरवडलेली, एकावर एक ओरखडे. आरसा निखळून लोंबत होता. आणि डाव्या ब्रेकच्या दांडीत ओढणीची एक चिंधी अडकली होती, केशरी, जरीच्या काठाची.

वर येऊन विचारलं, वाटेत कोणाला लागलं का? ते बोटांवर फुंकर घालत होते. जरा आठवून म्हणाले, "परवा वेशीच्या दरवाज्यापाशी कोणी बाई ओरडली होती. मला वाटलं, दुसऱ्या कोणावर ओरडून राहिली."

"तुम्ही थांबला नाहीत?"

"तिथे कोणीच नव्हतं," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापुरतं तिथे खरंच कोणी नव्हतं.

किल्ली आता तुरीच्या डब्यात तळाशी आहे. ताट मी रोज बदलून वाढते. मीठ उजवीकडे ठेवायला अजून जिवावर येतं, तरी ठेवते. पाचपैकी दोन मिळतात, कधी एक, आणि हे गुण खरे आहेत. चिंधी मी त्याच वहीत ठेवली आहे, पाचपैकी पाच लिहिलेल्या पानांमध्ये. दरवाज्यापाशी भाजीवाल्या बसतात, समोर चहाची टपरी आहे. त्या सकाळी काय झालं ते त्यांतल्या कोणालाही ठाऊक असेल. मी तिथून रोज जाते. अजून कोणाला विचारलेलं नाही.