आत्याच्या हातची कुंची

मी हाती घेतलेल्या कामांसाठी आमच्या घरात कपाटाचा एक अख्खा कप्पा राखून ठेवलेला आहे. त्यात एका बाहीचा स्वेटर आहे, अर्ध्यावर थांबलेला टेबलक्लॉथ आहे आणि नुसत्या पाकळ्या भरलेला, देठांची वाट बघणारा उशीचा अभ्रा आहे. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली आणि मी घरच्या ग्रुपवर जाहीर केलं, की बारशाची कुंची मी स्वतः शिवणार, वर मण्यांचं भरतकामही करणार, तेव्हा कुणी साधा अंगठासुद्धा पाठवला नाही. समोरच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्यानं तेवढं विचारलं, "कुणाच्या बारशाची? हिच्या, की हिच्या मुलीच्या?"

कुंची म्हणजे तान्ह्या बाळाची टोपी आणि टोपीला मागे जोडलेला लांब घोळ. आमच्याकडे ती आत्यानं आणायची असते, आणि पाळण्यात नावही आत्यानंच ठेवायचं असतं. आणायची म्हणजे दुकानातून आणली तरी कुणी काही म्हणत नाही. पण इतक्या वर्षांनी आत्या झाल्यावर पिशवीतून दुकानाची वस्तू काढायची, हे मला पटेना.

आई भावाकडे पंचवटीत राहते. तिचा माझ्यावर फार जीव आहे, विश्वास तेवढा नाही. एका दुपारी बाळाला बघायला गेले होते. दुपटं काढायला कपाट उघडलं, तर आत गुलाबी, जरीची, चकचकीत कुंची. अजून प्लास्टिकच्या पिशवीतच.

"आई, हे काय?"

"असू दे गं हाताशी."

"म्हणजे माझी पुरी होणार नाही असं वाटतं तुला?"

"होईल की. मी कुठं नाही म्हणते? पण पोरगी उघड्या डोक्यानं पाळण्यात नको."

झालं. आता बारशाला पोरीच्या डोक्यावर एक तर ती गुलाबी कुंची असणार होती, नाही तर माझी. आणि गुलाबी असली, तर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात तो किस्सा जेवणाच्या पंगतीत वाढला जाणार होता. आमच्या घराण्यात किस्से सांगायचं काम माझंच आहे, त्यामुळे ते कसे टिकतात हे मला चांगलं ठाऊक.

दहीपुलाजवळच्या दुकानातून गर्द जांभळं मऊ सुती कापड घेतलं. लागणार होतं त्याच्या दुप्पट घेतलं, कारण माझी कात्री सरळ जाईल याची मला कधीच खात्री नसते. अस्तराला आईचीच एक धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली साडी. आणि काचेचे बारीक मणी: हिरवे, लाल, थोडे पांढरे. घोळाच्या वरच्या भागात, मानेच्या खाली, पोपटांची रांग भरायची असं ठरवलं. बाळाला खांद्यावर घेतलं की लोकांना पाठच दिसते, म्हणून नक्षी पाठीवर. केवढा विचार केला होता मी!

शिकवायला मोबाइल होता. त्यात एक बाई दाखवायच्या. त्यांच्या सुईवर मणी आपण होऊन चढायचे. माझ्या सुईवरून ते उतरायचे, आणि थेट सोफ्याखाली जायचे. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातांत आणि घरभर मणी. नवरा अनवाणी पायांनी चहा आणायला जायचा आणि मधेच एका पायावर उभा राहून माझ्याकडे बघायचा. मग तळव्याला रुतलेला मणी काढून माझ्यापुढे ठेवायचा. ते जास्त लागायचं.

पहिला पोपट पुरा झाला तेव्हा तो म्हणाला, "मिरची छान जमलीय."

"पोपट आहे तो."

"असं होय? मला वाटलं, ढोबळी."

मी भावजयीला व्हिडिओ कॉल लावला. ती स्वभावानं गोड आहे, खोटं बोलत नाही. "अय्या ताई, ढोबळी मिरची किती गोड दिसतेय!" म्हणाली. पहिले तीन पोपट मी उसवले. चौथ्याला चोच आली. पाचव्याला मान वळवता आली. त्यानंतरचे सगळे पोपटच होते. कुणी काही म्हणो.

एका गोष्टीत मात्र मी हयगय केली नाही. तान्हं पोर, मिळेल ते तोंडात घालणार. म्हणून प्रत्येक मणी सुईनं दोनदा ओवायचा आणि मागे त्याची वेगळी गाठ मारायची. एक मणी, एक गाठ. मोबाइलमधल्या बाई एका दोऱ्यात सर्रकन ओळ भरायच्या. मी मुंगीच्या चालीनं जात होते. पण गेले. कपाटातल्या त्या कप्प्यात यावेळी काहीही गेलं नाही.

बारसं संध्याकाळी होतं. गावाकडची, सायखेड्याची मंडळी चारपर्यंत येणार होती. मी सकाळीच कुंची घेऊन पोचले. आईनं ती खिडकीपाशी उजेडात धरली. मग एकेक मणी नखात पकडून ओढायला लागली. सगळे ओढून बघितले. एकही सुटला नाही.

"गाठी कुणी मारल्या?"

"मी."

"हं," आई म्हणाली. आमच्या आईच्या भाषेत हे फार मोठं बोलणं आहे. मी भावाकडे विजयी मुद्रेनं बघितलं.

मग भावजयीनं बाळाला कुंची घातली आणि पाळण्यात ठेवलं. पोरीनं आधी ओठ काढले, मग असा काही सूर लावला की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. उचललं की गप्प. ठेवलं की भोंगा. आईनं बाळाच्या पाठीखाली हात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं, हे पोर निजणार कशावर? पोपटांवर?"

खांद्यावरचं बाळ मला दिसलं होतं. पाळण्यातलं दिसलंच नव्हतं! दिवसाचे बहुतेक तास जो जीव पाठीवर पडून असतो, त्याच्या पाठीखाली मी काच भरून ठेवली होती. अस्तर मऊ होतं, पण प्रत्येक मण्यामागे माझी ती पक्की, अभिमानाची गाठ होती. भावजय म्हणाली, "ताई, नुसती मिरवायला घालू, पाळण्यात काढू." आई उठून कपाटाकडे गेली.

"आई, थांब," मी म्हटलं. "चारपर्यंत थांब. मशीन कुठंय?"

मी कात्री घेतली आणि पोपटांची अख्खी पट्टी घोळातून कापून काढली. भावजय किंचाळली. भाऊ म्हणाला, "ताई, डोकं फिरलं का तुझं?" पण मला उत्तर मिळालं होतं. पट्टी पाठीवर नको, घोळाच्या अगदी शेवटी हवी. पाठीच्या जागी साधं कापड लावायचं, दुप्पट घेतलेल्यातलं उरलेलं माझ्या पिशवीतच होतं. आणि पोपट खाली, शेपटीला. बाळ खांद्यावर असलं की ते मागे लोंबतील. पाळण्यात ठेवलं की शेपटी पायांवरून वर घ्यायची, पांघरुणासारखी. पाठीखाली मऊ साडी आणि पोटावर पोपट.

आईचं जुनं हातमशीन बाहेर आलं. भाऊ चाक फिरवायला बसला. "हळू रे!" "हळूच आहे!" "अरे, तुझ्या मुलीची कुंची आहे, गिरणी नव्हे!" स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजत होत्या, हॉलमध्ये पाळण्याला फुलं बांधणं चाललं होतं आणि आम्ही दोघं बहीणभाऊ लहानपणासारखे भांडत शिवण घालत होतो. आई शेजारी येऊन बसली. न विचारता तिनं कापडाची दुसरी कड धरली, शिवण संपेपर्यंत सोडली नाही.

साडेतीनला कुंची पुन्हा बाळाच्या डोक्यावर चढली. पाळण्यात ठेवलं. आम्ही सगळे पाळण्याभोवती. पोरीनं पाय झाडले, पोपट हलले. तिनं टक लावून त्यांच्याकडे बघितलं, एक जांभई दिली आणि निजली.

"बास," आई म्हणाली. "हीच राहू दे."

संध्याकाळी बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात दिलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." प्रत्येक हातात जाताना मागून हिरव्या पोपटांची रांग झुलत होती. सायखेड्याच्या काकूंनी घोळ हातात घेऊन निरखला. "कुटून आणली गं? लय भारी हाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "आणली नाही. आमच्या मुलीनं केलीय. एक मणी ओढून दाखवा."

काकूंनी ओढला. मग त्यांच्या सुनेनं ओढला. मग ज्या आल्या त्या सगळ्या ओढत बसल्या, आणि माझे पोपट जागचे हलले नाहीत. नवरा घुगऱ्यांची वाटी घेऊन दारात उभा होता. त्याला कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, "हो, आमच्याकडे होतं हे भरतकाम." जसं काही यानंच सुई ओवून दिली होती!

मग मी पाळण्यात वाकले आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. आमच्याकडे त्याच वेळी सगळ्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. धडाधड बसले. त्यातला एक आईचा होता, तो हात मी ओळखते. सगळ्यांत जोरात तोच बसला. नाव सांगून कधीच झालं होतं, तरी मी तशीच वाकून उभी राहिले, आणखी एखादा मिळाला तर बघावं म्हणून.