मोमोसे-सान डावी गिटार घ्यायला निघाले

आमच्या गल्लीत कुणाकडे काय चाललंय ते मला कळतं, कारण सगळ्यांची डोकी माझ्या कात्रीखालून जातात. आरशात स्वतःचंच तोंड बघून माणूस पाच मिनिटांत कंटाळतो आणि बोलायला लागतो. मी काही विचारत नाही. म्हणजे, फारसं नाही.

शेजारचे मोमोसे-सान मात्र खुर्चीत बसले की डोळे मिटून घेतात. वीस वर्षं त्यांचे केस कापतेय, आणि इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून दिलेली बातमी एकच. मध्येच एकदा आले, म्हटलं महिना कुठे झालाय अजून, तर म्हणाले, "फुसाए गेली. उद्या विधी आहेत, जरा नीट दिसायला हवं." आणि डोळे मिटले. फुसाए म्हणजे त्यांची बायको.

त्यानंतर सातआठ महिन्यांनी नोझावानाच्या पाल्याचं लोणचं द्यायला मी त्यांच्या मागच्या दारी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर काय, स्वारी एकटीच जेवायला बसलेली आणि काड्या डाव्या हातात! मला बघताच त्यांनी त्या अशा झटकन उजव्या हातात घेतल्या की मासा पळवताना सापडलेल्या बोक्यानंही शिकवणी लावावी.

"घाबरू नका," मी म्हटलं, "पोलिसांना नाही सांगणार. गल्लीतच सांगेन फक्त."

त्यांचे कान लाल झाले. "शाळेत बाई हा हात पट्टीनं बांधून ठेवायच्या. पुढे फुसाए म्हणायची, चारचौघांत बरं दिसत नाही." मग भांड्यातल्या भाताकडे बघत म्हणाले, "आता कोण बघतंय?"

"मी बघतेय की!"

"तुम्ही काय, सगळंच बघता."

पण त्या दिवसापासून माझ्यासमोर त्यांनी तो हात लपवायचं सोडलं, आणि हळूहळू मला बाकीचंही कळत गेलं. मोमोसे-साननी एकेचाळीस वर्षं गिटारच्या कारखान्यात काढली. आता तिथे औषधाच्या दुकानाचं पार्किंग आहे. त्यांचं काम एकच: गिटारची दांडी मागून घासून गोल करायची. पुढून तारांखालचे धातूचे पडदे बसवणारा वेगळा, रोगण मारणारा वेगळा, तारा चढवणारा वेगळा. घासायचे डाव्या हातानं. तिथे कुणी हात बघत नसे, दांडी बघत. हजारो लोकांच्या तळहातात बसेल अशी दांडी करणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र गिटार कधी वाजवता आली नाही. तरुणपणी प्रयत्न केला होता. सगळ्या गिटारी उजव्यांच्या. "दुसऱ्याच्या घरात अंधारात चपला शोधल्यासारखं व्हायचं," ते म्हणाले. सोबतचे हसले, यांनी गिटार खाली ठेवली ती ठेवलीच.

आता कारखान्यातले चार जुने लोक दर बुधवारी दुपारी दोन वाजता वस्तीच्या सभागृहात जमून वाजवतात. आकाहाने-सान त्यांचे म्होरके, तोंड माझ्याहूनही मोठं. मोमोसे-सान सहा वर्षं त्यांच्यात जातायत. वाजवायला नाही हो. ते त्यांचे जड स्पीकर उचलून देतात, चहा करतात, कोपऱ्यात बसून ऐकतात. आठवड्यातून तेवढाच एक दिवस त्यांच्या घराचं पुढचं दार दुपारी उघडतं.

या वसंतात त्या चौघांतला साथीची गिटार वाजवणारा माणूस लेकीकडे नागोयाला राहायला गेला. आकाहाने-सान माझ्या खुर्चीत बसून सांगत होते.

"मी मोमोला म्हटलं, चहा कुणीही करेल रे, तू ये त्या जागेवर. सहा वर्षं ऐकतोयस, एव्हाना भिंतीलाही पाठ झालं असेल. तर म्हणतो, मला डावी गिटार लागेल. म्हटलं, तारा उलट्या चढव आणि वाजव! तर माझ्यावरच डाफरला. उलटा सदरा घालून फिरतोस का तू, म्हणे. मोमो डाफरला! मला तर आनंदच झाला."

"मग?"

"मग काय, सप्टेंबर अखेरपर्यंत गिटार घेऊन ये म्हटलंय. नोव्हेंबरात सांस्कृतिक दिवस आहे, आधी सराव नको?"

पुढच्या वेळी मी मोमोसे-सानच्या उजव्या हाताची बोटं उलटी करून बघितली. टोकांना घट्टे! डाव्या गिटारीच्या तारा उजव्या हातानं दाबायच्या असतात. वर्षभर ते कारखान्यातली एक टाकाऊ दांडी फळीला ठोकून, तिला तारा ताणून, घरी एकटेच सराव करत होते. पोटच नाही, तर आवाज कुठला? भिंतीला कान लावूनसुद्धा मला पत्ता लागला नव्हता, याचं वाईट वाटलं.

"एवढं येतंय तर गिटारच बनवा की स्वतः," मी म्हटलं.

"मी दांडी मागून घासायचो. बाकी मला काय येतं?"

म्हणजे विकत घेणं आलं. आणि डावी गिटार विकत घेणं म्हणजे डाव्यांवरचा करच आहे. शहरातल्या दुकानांत उजव्यांसाठी भिंत भरून रंगीबेरंगी गिटारी, डाव्यांसाठी दोन, त्याही काळ्या, आणि किंमत ऐकून खाली बसावं अशी. पेन्शनीतून तीस हजार येनच्या वर जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. डोळ्यांमुळे गाडीचं लायसन्स परत केलेलं, म्हणून माझ्या सुटीच्या दर सोमवारी मी त्यांना माझ्या छोट्या गाडीतून फिरवत होते. चार सोमवार गेले. गल्लीत आमच्याबद्दल बोलायला लागले. ती अफवा मीच सोडली होती, म्हटलं म्हाताऱ्याला तेवढाच मान.

पाचव्या सोमवारी, सप्टेंबर संपायला तीन दिवस असताना, हमरस्त्यावरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात ती दिसली. धुलाई यंत्रं आणि बर्फावर घसरायच्या फळ्यांच्या पलीकडे, गिटारींच्या रांगेच्या टोकाला. तपकिरी, डावी. चिठ्ठी चोवीस हजार आठशेची.

मोमोसे-साननी परवानगी मागून ती उतरवली आणि स्टुलावर बसून मांडीवर घेतली. वाजवली नाही. नुसती धरली. एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या खांद्यांतून काहीतरी सुटताना मी पाहिलं. अंगाच्या मापाचा पहिला कपडा घातल्यावर माणूस जसा बसतो, तसे ते बसले.

मग त्यांनी गिटार उलटी केली. दांडीवरून अंगठा फिरवला, डोकं वाकवून खुंट्यांच्या मागे बघितलं, आणि चेहरा बदलला.

"आमचीच आहे," ते पुटपुटले.

"मग घ्या लवकर! तुमच्या बापाचाच माल!"

पण ते दुकानाच्या व्यवस्थापकाला हाक मारायला लागले होते. मियासाका नावाचा, चाळिशीचा, एप्रन घातलेला सज्जन माणूस. मी मोमोसे-सानच्या पायावर पाय दिला. ते उठून उभे राहिले.

"माफ करा, आगाऊपणा करतोय," मोमोसे-सान कमरेत वाकून म्हणाले, "पण ही चिठ्ठी चुकली आहे. तुम्ही हिला साध्या मालात धरलंय. ही साधी नाही. हे लाकूड बघा. दांडी एकसंध आहे, जोड नाही. अशा डाव्या आम्ही वर्षातून सहा-सात करायचो. चोवीस हजारात दिलीत तर दुकानाचं नुकसान होईल."

"अहो, ते गंमत करतायत," मी म्हटलं. "यांना सवयच आहे."

मियासाका-साननी गिटार बघितली, आत जाऊन मुख्य कार्यालयात फोन केला. परत आले ते मोमोसे-सानपेक्षाही खाली वाकले. "आपण नसता तर आम्हाला कळलंच नसतं. फार उपकार झाले." आणि आमच्यासमोर जुनी चिठ्ठी सोलून नवी लावली. अठ्ठ्याण्णव हजार. आमच्या हातात दुकानाचं कॅलेंडर दिलं.

गाडीत मी तोंडाला येईल ते बोलले. "गप्प बसायला काय झालं होतं? एरवी तर वर्षभर बोलत नाही तुम्ही! आजच कंठ फुटायचा होता?"

ते कॅलेंडरची गुंडाळी गुडघ्यांमध्ये धरून बसले होते. मग म्हणाले, "ती दांडी माझ्या हातची होती की नाही, माहीत नाही. पण कुणाच्यातरी हातची होती. चोवीस हजार लिहिलेली बघून पुढे कसं जायचं?"

बुधवारी त्यांनी आकाहाने-सानना एवढंच सांगितलं, "मिळाली नाही. दुसरा बघ." तेव्हापासून तिथे चहा करायला जाणंही सोडलं. शेतकरी सहकारी संस्थेतून निवृत्त झालेला कुणीएक लगेच मिळाला, त्याच्याकडे गिटार तयारच होती. खरी गोष्ट मी आकाहाने-सानना नंतर केस कापताना सांगितली. आधी ते "मूर्ख! शतमूर्ख!" असं इतक्या मोठ्यानं ओरडले की माझी कात्री कानाजवळून गेली. मग आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मीही सांगितलं असतं," ते म्हणाले.

"मग त्यांना परत बोलवा ना!"

"त्या नव्या माणसाला ऊठ म्हणू? तो दोन गाणी बसवून आलाय." आणि पुढे केस कापून होईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही, तेव्हा मला कळलं की आता काही होणार नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर मोमोसे-सानकडे एक लांबुळकं खोकं आलं. परदेशात बनलेली डावी गिटार, अठरा हजारांची, सोबत डब्याएवढा स्पीकर. यांचा कारखाना बंद पडला तो असल्याच मालामुळे. मला बोलावलं, कारण दाखवायला दुसरं कोण होतं? मी म्हटलं, आता बुधवारच नाही तर कशाला घेतलीत? म्हणाले, "वर्षभर मुकं वाजवलं. एकदा आवाज ऐकावा म्हणतो."

खोकं उघडल्यावर त्यांनी आधी दांडीच बघितली. डोळे मिटून, मागून, वरपासून खालपर्यंत अंगठा नेला. शिव्या ऐकायला मी कान टवकारून बसले होते.

"चांगली केलीय," ते हळूच म्हणाले. "जी कुणी आहे ती, घाई करत नाही." ती बाईच असणार हे त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही.

पुढच्या बुधवारी माझ्याकडे गिऱ्हाईक नव्हतं. दोन वाजता भिंतीपलीकडून गिटार सुरू झाली. सभागृहातली गाणी मला ठाऊक आहेत, सांस्कृतिक दिवसाला दर वर्षी तीच असतात. मोमोसे-सान तीच त्याच क्रमानं वाजवत होते, पण फक्त साथ. त्यांच्या वाट्याची तेवढीच. जिथे आकाहाने-सानची गिटार एकटी पुढे येते, तिथे पलीकडे सगळं थांबायचं. नुसता पायाचा ठेका ऐकू यायचा, एक, दोन, तीन, चार, आठ वेळा. मग साथ बरोबर जागेवर पुन्हा सुरू.

मी झाडू हातात धरून उभी होते. शेवटचं गाणं तीन वाजायला दहा मिनिटं असताना संपलं. त्या वेळी सभागृहात चहा होतो. पलीकडे त्यांनी किटली ठेवल्याचा आवाज आला, आणि जरा वेळानं एकच कप.