ओंडक्यावरचे दोन फूट

गल्लीत त्याला ओळंबा म्हणत. मोजणी खात्यात चौतीस वर्षं त्याने आकड्यांची उभी पट्टी धरली होती. घरीही सुनेने वाळत घातलेली चादर एका अंगाला कलली, तर उठून सरळ करायचा. कामात अंगचोरपणा त्याला खपत नसे, आणि हे तो दिवसातून दोनदा ऐकवी.

सत्तरीला जावयाने जुन्या बाजारातून एक नकाशा आणला आणि काच लावून बैठकीत टांगला. दाट रानातले डोंगर, केसांच्या गुंत्यासारख्या तपकिरी रेषा. एका माथ्यावर त्रिकोण, शेजारी उंची: ३७४६ फूट.

"तुमच्याच तुकडीने मोजलाय, मामा," जावई म्हणाला.

त्या दिवसापासून ओळंब्याचं जेवण अर्ध्यावर आलं.

"अहो, झालंय तरी काय?" चौथ्या दिवशी बायकोने विचारलं.

"ती उंची खोटी आहे. पायाला जळवा, खाली चिखल. मी पट्टी जमिनीवर न टेकवता ओंडक्यावर टेकवली. डोंगर दोनेक फूट वाढला."

"दोन फुटांनी कुणाचं काय अडलंय?"

"माझं. रोज चहा पिताना समोर दिसतो."

"आणि इतकी वर्षं आम्हाला कामचुकार म्हणालात, त्याचं काय?"

तो कोरा कागद शोधायला उठला.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तो खात्यात गेला. चूक कबूल केल्याचा अर्ज, दोन प्रतींत. कारकुनाने वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"आजोबा, इथे लोक माझी चूक नाही म्हणून भांडायला येतात."

तरी त्याने कपाट उपसून त्या मोजणीची वही काढली. समासात तुकडीच्या साहेबांचं बारीक अक्षर होतं: पट्टी ओंडक्यावर. दोन फूट वजा.

"साहेबांना दुर्बिणीतून दिसलं असणार. नकाशा बरोबर आहे, सुटलात."

"मग मला बोलले का नाहीत? परत चढवायचं होतं."

"पुढे लिहिलंय, गडी सकाळपासून चौथ्यांदा चढला."

ती ओळ ओळंब्याने बोट ठेवून वाचली. मग अर्ज घडी करून खिशात घातला.

घरी येऊन तो पोटभर जेवला. बायकोला वाटलं, मिटलं एकदाचं. तो हात पुसत नकाशापुढे उभा राहिला.

"अगं, पेन्सिल कुठंय?"

"आता काय?"

"साहेबांनी अंदाजाने दोन धरले. ओंडका माझ्या गुडघ्याला लागत होता. म्हणजे पावणेदोन."

बायकोने पेन्सिल पाठीमागे लपवली. "आधी टेप आणा. गुडघा मोजू, मग बघू."

तो खरंच टेप शोधायला गेला.