हिराआत्याची पुडी

पिंपरी पेंढारला हिराआत्याच्या घरी शिंकायची सोय नव्हती. शिंक पुरी व्हायच्या आत कनवटीची पुडी निघायची. "आ कर." जुन्नरच्या बाजारात बसणाऱ्या एका वैद्याची ती राखाडी पूड. सर्दी, गुडघा, परीक्षा, सगळ्यावर तीच. पन्नाशीत माझे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मीही दोन महिने चाटली आणि "लई गुण आला" असं गावभर सांगितलं.

फक्त तिच्या नातीनं, सायलीनं, पुडी नाकारली होती. सायली लांब पल्ल्याची धावपटू, राष्ट्रीय संघाच्या निवडीच्या तोंडावर आलेली. बंदीचं औषध चुकून जरी अंगात सापडलं, तरी धावणं बंद. म्हणून ती खोकल्याची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारून घ्यायची. आत्याला पटायचं नाही. "पोरगी पळती येड्यावानी, आन् ताकदीचं काई नको म्हनती!"

एका सकाळी मी तिथं चहा पीत असताना दारात गाडी थांबली. एक बाई, एक गृहस्थ, हातात पेटी आणि फाईल. "सायली आहे का?" आत्यानं ओळखलं, पोरीला बघायला आलेत. तिनं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि आत जाऊन पोहे टाकले.

"पावणं कुठलं?" मी रुबाबात विचारलं.

"आम्ही खेळाडूंची चाचणी करतो. लघवीचा नमुना घ्यायचाय," बाई म्हणाल्या.

मी टोपी काढली.

नियमाप्रमाणे बाई सायलीच्या मागोमाग न्हाणीत निघाल्या. "बाई, तुमी कशाला? पोर काय आत हरवतीया?" आत्या ओरडली. नमुना झाला, बाटल्या बंद झाल्या. मग फॉर्म निघाला. गेल्या सात दिवसांत काही औषध घेतलं?

"काहीच नाही," सायली म्हणाली.

आत उलथन्याचा आवाज थांबला. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली.

"लिवा. सर्दी झालती म्हून तीन रोज दुधातनं पुडी दिलीया. म्या. तिला ठावं न्हाई."

"आजी, काय असतं त्यात?" सायलीनं विचारलं.

"त्या वैद्याला ठावं. बाई, माजं नाव लिवा. पायजे तर माजी बी बाटली भरून घ्या."

वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "गुडघ्यांना मात्र त्यानं फार जोर येतो हं." सायलीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पोहे आणायला आत गेलो.

निकाल येईपर्यंत काही आठवडे सायली आजीशी बोलली नाही. आत्यानं गोड सोडलं. मी त्या घरी जायचं सोडलं. अखेर निकाल आला. काही सापडलं नव्हतं. सायली आजीच्या गळ्यात पडली. आत्यानं डोळे पुसले, आणि मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काईच न्हाई?"

"काहीच नाही, आजी!"

"म्हंजी त्या मेल्यानं एवढी वर्सं मला राखुंडी चारली!"

बंदीचं काही नाही, एवढाच त्याचा अर्थ, हे सायलीनं परोपरीनं सांगून पाहिलं. पण पुढच्या बाजाराला आत्या मला घेऊन वैद्यापुढं उभी. "सरकारनं तपासलंय. तुज्या पुडीत काईच न्हाई!"

वैद्यानं शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "मंग ह्यांना गुण कसा आला?"

सगळा बाजार माझ्या गुडघ्यांकडे बघत होता.

त्या दिवसापासून कनवटीची पुडी गेली. संघात गेलेल्या नातीनं औषधाचं नाव वाचल्याशिवाय आत्या साधं मलमही लावीना. गेल्या हिवाळ्यात ती दवाखान्यात शेवटच्या अंथरुणावर होती, तेव्हाही नर्सनं गोळी पुढं केली की ओठ घट्ट. "आदी पोरीला दावा."

सराव सोडून आलेली सायली पाकीट उजेडात धरायची, नाव मोठ्यानं वाचायची आणि म्हणायची, "चालतंय, आजी. आ कर."

मगच आत्या तोंड उघडायची.