मर्लची पांढरी भिंत

पोर्ट ऑर्लनला पाहुणे यायचे ते जुनी जकात कचेरी, लाकडी धक्का आणि टेकडीवरच्या चर्चचा मनोरा बघायला. जाता जाता मर्ल ट्रेगेन्झाच्या घराचाही फोटो काढायचे. सारं घर करड्या दगडाचं, आणि समुद्राकडची तेवढी एकच भिंत बगळ्यासारखी पांढरी. कुणी कारण विचारलंच तर मर्ल म्हणायची, "नवऱ्याची हौस होती," आणि आत निघून जायची.

खरं कारण गावातल्या मच्छीमारांना ठाऊक होतं. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची रांग आहे आणि तिच्यात एकच फट. बाहेरून येताना ती पांढरी भिंत मनोऱ्याच्या बरोबर खाली आली, की होडीचं नाक सरळ धरायचं. जरा इकडेतिकडे झालं की तळ फाटलाच. अशा खुणा परक्याला सांगायच्या नाहीत, हा गावचा जुना दंडक. मर्ल स्वतः आतल्या मुलखातली, मेंढपाळाची मुलगी. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती मुकाट्याने चुना लावत होती, तेव्हा कुठे नवऱ्याने, आल्फने, तिला भिंतीचं गुपित सांगितलं. तेही इकडेतिकडे बघून.

आल्फ गेला तो समुद्रात नाही, घरातच, फुफ्फुसाच्या दुखण्याने. जाण्याआधी एवढंच म्हणाला, "क्लॅरी समुद्रावर जातोय तोवर भिंत पांढरी ठेव." क्लॅरी त्याचा धाकटा भाऊ. शेवंडं धरायचा, एकटाच, 'इव्हलिन' नावाच्या होडीतून. दर सप्टेंबरात हंगामाच्या आधी तो चुन्याचं पोतं घेऊन यायचा. मर्ल चुन्यात मीठ आणि चरबी घालून घोटायची, शिडीवर चढायची आणि कुंच्याने भिंत रंगवायची. क्लॅरी खाली शिडी धरून चुका काढत बसायचा.

एव्हाना बाकीच्या होड्यांवर वाट दाखवणारी यंत्रं आली होती. क्लॅरीच्या होडीवरही होतं. त्याच्या मुलीने बसवून दिलेलं. पण एके सकाळी चहा घेताना त्याने दूध कपात न ओतता शेजारी मेजावर ओतलं, आणि मर्लच्या सगळं लक्षात आलं.

"क्लॅरी, तुला दिसत नाही."

"डोळे माझे ठणठणीत आहेत. हे जगच अलीकडे धूसर झालंय."

"मग जगाला चष्मा लाव."

"डॉक्टरकडे गेलो तर होडी बंद करतील. मग मी करू काय? बाकावर बसून पाहुण्यांना पत्ते सांगू?" त्याने बाहीने मेज पुसलं. "यंत्रावरचं काही वाचता येत नाही, पण पांढरं आणि काळं दिसतं मला. तेवढं पुरतं. कुणाला बोलायचं नाही, म्हातारे. आल्फची शपथ आहे तुला."

मर्लने कुणाला सांगितलं नाही. फक्त त्या वर्षापासून चुन्याचे दोनाऐवजी तीन हात देऊ लागली.

पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडावर शेजारचं घर ग्रेटा हॉफमन नावाच्या बाईने घेतलं. अ‍ॅडलेडहून आलेली निवृत्त शिक्षिका, मोकळ्या मनाची. पाहुण्यांसाठी दोन खोल्या ठेवायचा तिचा बेत होता. मर्लची भिंत तिला इतकी आवडली, की तिने आपलं घर अख्खं पांढरं रंगवून घेतलं.

मर्ल केक घेऊन तिच्याकडे गेली ती सांगायचंच ठरवून. पण सांगायचं म्हणजे खूण सांगायची, आणि ती आजही कुणाला लागते हेही सांगायचं. ती नुसतंच म्हणाली, "छान दिसतंय." आणि परत आली. मग धक्क्यावर जाऊन क्लॅरीलाच म्हणाली, "शेजारचं घर पांढरं झालंय. ध्यानात ठेव."

"मला डावं-उजवं कळतं, मर्ल. माझी आई नको होऊस."

डिसेंबरात, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, नाताळच्या आधी गाव पाहुण्यांनी भरलेलं असताना, दुपारी एकाएकी नैर्ऋत्येचा वारा उठला. आभाळ आणि पाणी एकाच रंगाचं झालं. होड्या एकेक करून आत आल्या. 'इव्हलिन' आली नाही. समुद्राकाठच्या कठड्यावर पाहुणे लाटा बघत उभे होते. मच्छीमारही येऊन उभे राहिले. त्यांची नजर मात्र खडकांवर होती.

मर्लला ती अंगणातूनच दिसली. खडकांच्या पलीकडे 'इव्हलिन' वरखाली होत होती, आणि तिचं नाक हळूहळू वळत होतं. ते मर्लच्या भिंतीकडे नव्हतं. ग्रेटाच्या घराकडे होतं.

मर्लने पडवीतून आल्फची काळी ताडपत्री ओढली आणि ती फरफटवत शेजारच्या फाटकातून आत शिरली.

"ग्रेटा! माळ्यावर चढ! खिडकीतून हे खाली सोड, भिंत झाक!"

"अहो, पण झालंय काय?"

"क्लॅरी आंधळा आहे!" मर्ल ओरडली. कठड्यावरची माणसं वळून बघू लागली. "माझी पांढरी भिंत मनोऱ्याखाली धरून तो आत येतो. आज त्याला तुझी दिसतेय. तो खडकावर जाणार!"

ग्रेटा ताडपत्रीचं टोक घेऊन जिना चढली. वाऱ्याने कापड दोनदा हिसकावलं. तेव्हा कठड्यावरचे मच्छीमार धावत आले, आणि त्यांच्यामागून पाहुणेही. कोपरे धरून, दगड ठेवून सगळ्यांनी ती भिंत काळी केली.

'इव्हलिन' थबकल्यासारखी झाली. एका लाटेने तिला आडवं केलं, दुसरीने उचललं. मग तिचं नाक परत वळलं, मर्लच्या भिंतीवर आलं आणि तिथेच राहिलं. ती फटीतून आत येईपर्यंत कुणी ताडपत्री सोडली नाही.

क्लॅरी धक्क्यावरून वर आला तो निथळतच. लोकांनी त्याला वाट दिली. काळ्या भिंतीपुढे येऊन त्याने ताडपत्री चाचपली.

"कुणी सांगितलं?"

"मी," मर्ल म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्याने मान हलवली आणि तो घरी गेला. महिनाभराने 'इव्हलिन' शेजारच्या गावच्या माणसाने विकत नेली. नाताळला क्लॅरी आला नव्हता, ईस्टरलाही आला नाही. रस्त्यात मर्लची चाहूल लागली की दुसऱ्या बाजूने जायचा. ग्रेटाने आपलं घर पुन्हा करडं करून घ्यायची तयारी दाखवली. मर्ल म्हणाली, "राहू दे. आता पांढरं काय न् काळं काय."

सप्टेंबर आला. मर्लने सवयीने कुंचा काढला, हातात धरून बघितला आणि परत ठेवून दिला. क्लॅरी समुद्रावर जातोय तोवर, असं आल्फ म्हणाला होता. हिवाळ्याच्या पावसाने चुना उतरला होता आणि खालचा दगड डोकावू लागला होता.

त्याच महिन्यात एका सकाळी फाटक वाजलं. क्लॅरी काठी टेकत अंगणात उभा होता. पोतं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मळली का गं तुझी भिंत?"

"तुला दिसत नाही?"

"नाही," क्लॅरी म्हणाला. "म्हणून तर विचारतोय."

मर्लने त्याचा हात धरून त्याला आत नेलं, त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं आणि आधण ठेवलं. कप पुढ्यात आला तसा त्याने तो दोन्ही हातांनी चाचपला.

"दूध तू घाल," तो म्हणाला.

मर्लने घातलं.