कपाळावरचा हात

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळे तपासायचं काम मालकाचं. फ्रेम बसवायची, काड्या वाकवायच्या, नाकावरून घसरणारा चष्मा जागेवर आणायचा, हे तिचं. शाळेतली पोरं तिला चष्मेताई म्हणायची आणि मालकाला सोडून तिच्याकडेच यायची, कारण ती आधी विचारायची, "कानाला हात लावू का रे?" पोरगं 'हो' म्हणेपर्यंत तिचे हात काउंटरवरच असायचे. एखादी आई घाईत असली की वैतागायची, "अहो, त्याला काय विचारताय, बसवा की!" चष्मेताई हसायची, पण विचारल्याशिवाय हात पुढे करायची नाही.

तिच्या स्वतःच्या डोक्याला मात्र कुणी हात लावलेला तिला खपत नसे. केस ती घरीच, आरशासमोर उभी राहून कापायची. लग्नानंतर नवऱ्याने एकदा लाडाने तिच्या कपाळावरची बट मागे सारली, तर ती अशी दचकली की डोकं कपाटावर आपटलं. त्या बिचाऱ्याने पुन्हा कधी तसं केलं नाही.

कुणी हात लावला नाही तरी एक हात यायचाच. भांडी घासताना यायचा, बसची वाट बघताना यायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायचं यंत्र सुरू झालं की हमखास यायचा. मागून एक तळवा येऊन कपाळावर घट्ट बसायचा आणि डोकं मागे दाबून धरायचा. तो जाईपर्यंत ती जागच्या जागी उभी राहायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई काहीतरी आठवतायत.

तो हात तिच्या वडिलांचा होता.

ती तिसरीत असताना तिची दाढ किडली होती. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका सुट्टीच्या दिवशी म्हणाले, "चल, तुला बूट घेऊ." धाकट्या भावाला शेजारी ठेवून आई, वडील आणि ती, तिघं निघाली. बुटांचं दुकान होतं खरंच. काचेपलीकडे बक्कल लावलेले तपकिरी बूट होते आणि ती काचेला नाक लावून बघत राहिली होती. मग तिला बाजूच्या जिन्याने वर नेलं. वर दातांचा दवाखाना होता.

त्यापुढचं तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. लवंगेच्या तेलाचा वास. तोंडावर रोखलेला दिवा. "फक्त बघणार आहे हं," म्हणणारे डॉक्टर आणि त्यांनी पाठीमागे धरलेली पक्कड. कपाळावर मागून दाबलेला हात. डोकं हलवता येईना, तोंड मिटता येईना. ती "बाबा! बाबा!" म्हणून जिवाच्या आकांताने ओरडत राहिली. हात सुटला नाही.

घरी आल्यावर वडिलांनी बुटांचं खोकं पुढे केलं. तिने ते उघडलंसुद्धा नाही. बूट शेवटी मामेबहिणीच्या पायात गेले.

त्या दिवसापासून ती वडिलांच्या हातभर लांब राहायला लागली. भांडण नाही, अबोला नाही. ते जवळ आले की तिला तहान लागायची, अभ्यास आठवायचा, दारात कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. ते समजून गेले असावेत. हळूहळू त्यांनी हात पुढे करणंच सोडलं. शाबासकी द्यायची असली की ते तिच्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारायचे. शेवटच्या दुखण्यात इस्पितळात पडून होते, तेव्हा मात्र त्यांनी एकदा हात उचलला होता. ती उशाशी बसली होती. हात डोक्याकडे येतोय म्हटल्यावर ती चादर नीट करायला पायथ्याशी गेली. वळून पाहिलं तेव्हा हात खाली आला होता आणि ते भिंतीकडे बघत होते.

हे सगळं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही आणि मुलाला तर नाहीच.

मुलाला घरात भुंगा म्हणायचे, कारण तो दिवसभर काहीतरी गुणगुणत असायचा. एक दिवस गुणगुण थांबली. तो पोळी एकाच बाजूने चावायला लागला, थंड पाणी पिईना. शाळेत दाततपासणी होती, त्या दिवशी हा पठ्ठ्या पाण्याच्या टाकीमागे लपून बसला होता, हे बाईंनी फोन करून कळवलं. दोन दिवसांत गाल टम्म सुजला.

"दातांच्या डॉक्टरचं तोंडही पाहिलेलं नाही त्याने," नवरा म्हणाला. "एवढा घाबरतो कशाला?"

दातांच्या दवाखान्याची पाटी दिसली की ती मुलाचं बोट धरून रस्ता ओलांडायची. बोट किती घट्ट धरायची, हे मुलालाच ठाऊक.

"सायकल बघायला जाऊ म्हणून सांगतो," नवरा म्हणाला. "एकदा तिथे पोचला की झालं."

"नाही." तिचा आवाज एवढा चढला की तीच दचकली. "खोटं सांगायचं नाही त्याला."

"मग तो येणारच नाही."

"आज नाही आला तर उद्या परत विचारू. पण खोटं नाही."

भुंगा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती त्याच्या पायाशी बसली.

"आपल्याला डॉक्टरकडे जायचंय. दाढ काढायला."

मग भिंतीकडूनच आवाज आला, "दुखेल?"

"सुई टोचतील, ती दुखेल. मग बधिर होईल."

"तुला दुखलं होतं?"

"हो. खूप."

"आणि तरी मला नेतेस?"

"आत पू झालाय रे राजा. तसाच ठेवला तर याहून जास्त दुखेल."

तो वळला. "मला कोण धरणार?"

ती त्याच्याकडे सरकली. "धरतात असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तूच झोपेत म्हणतेस. 'सोडा, सोडा,' असं."

ती एवढंच म्हणाली, "तुला कुणी धरणार नाही. मी धरू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानातून सुट्टी घेऊन ती त्याला घेऊन गेली. डॉक्टरबाई तिच्या दुकानातल्या गिऱ्हाईक होत्या. त्यांचा चष्मा तिनेच कितीदा घट्ट करून दिला होता. आत गेल्यावर ती त्या चष्म्याकडेच बघत राहिली, ट्रेकडे नजर जाऊ दिली नाही. भुंगा खुर्चीवर चढला. तिने त्याचा हात हातात घेतला. दिवा लागला, आणि त्याच क्षणी तिच्या कपाळावर तो तळवा येऊन बसला.

"आई," भुंगा म्हणाला, "किती घट्ट धरलायस माझा हात. तू बाहेर बस ना."

"त्यांना बसू दे बाहेर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपण दोघं बघू. दुखलं की डावा हात वर कर, मी थांबेन."

"नक्की थांबाल?"

"करून बघ."

ती बाहेर बाकावर बसली आणि किंकाळीची वाट बघत राहिली. आतून काहीच ऐकू येईना. ती शांतता तिला किंकाळीपेक्षा भयंकर वाटली. कितीदा तरी उठून ती दाराशी गेली आणि परत येऊन बसली. मग दार उघडलं. तोंडात कापसाचा बोळा धरून भुंगा बाहेर आला. डोळे ओले होते, पण चालणं ताठ. त्याने चार बोटं वर केली. एवढ्या वेळा त्याने हात वर केला होता, आणि चारही वेळा डॉक्टर थांबल्या होत्या.

परतताना ती त्याला घेऊन आईकडे गेली. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. नातवाचा गाल पाहून म्हणाली, "शूर आहेस हो! तुझी आई कसली ओरडली होती, सगळा रस्ता गोळा व्हायचा बाकी होता."

भुंगा जाऊन झोपाळ्यावर लवंडला. चष्मेताई उशीच्या अभ्र्याची घडी घालता घालता म्हणाली, "बाबांनी एवढं घट्ट धरलं होतं मला."

"बाबांनी?" आईने मान वर केली नाही. "ते कसले आत येतायत! रक्त पाहिलं की घेरी यायची त्यांना. ते खाली बूट घेत होते. म्हणाले, मी तिला बूट घेईन असं सांगितलंय, खोटं नको पडायला. तुला मी धरलं होतं. तू आपली त्यांच्या नावाने हाका मारतेयस, आणि मी तुझं डोकं दाबून उभी. हात भरून आले होते माझे." तिने चादर झटकली. "हे टोक धर जरा."

तिने टोक धरलं.

मग तिला उमगलं. वडिलांच्या हातांना कायम रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास असायचा, कितीही धुतले तरी. जेवतानासुद्धा यायचा. त्या दवाखान्याच्या आठवणीत लवंगेचं तेल होतं, बाकी तो वास कुठेच नव्हता. इतक्या वर्षांत हे एकदाही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती आईला काही बोलली नाही. काय बोलणार? आईने लेकीचं भलंच पाहिलं होतं, आणि लेक बापापासून का तुटली हे तिला कधी कळलंच नव्हतं. चादर दोघींमध्ये दुमडली जात होती, आईची बोटं तिच्या बोटांना लागत होती, आणि तिला ती बोटं झटकून टाकावीशी वाटत होती. ती तशीच टोक धरून उभी राहिली.

कपाळावरचा हात गेला नाही. आता येतो तेव्हा तो कुणाचा हे तिला ठाऊक असतं, एवढाच फरक. आईकडे ती जाते, औषधं आणून देते, पण आई पाठीमागून खोलीत आली की ती भिंतीला टेकून बसते. आणि दुकानात कधी काम नसलं की तिच्या डोळ्यांसमोर एक माणूस येतो. वर मुलगी आपल्या नावाने ओरडतेय आणि तो खाली तिच्या मापाचे बूट बघतोय. त्याला हाका ऐकू येत होत्या का, हे विचारायला आता कुणी नाही.

भुंग्याची दुसरी दाढ भरून घ्यायची होती, तेव्हा तो आपला आपणच खुर्चीवर जाऊन बसला. येताना वाटेत एका दुकानावर रंगारी शिडीवर चढून अक्षरं काढत होता. भुंगा बघत उभा राहिला.

"आजोबा पण असंच करायचे ना? कसे होते गं ते? चिडायचे?"

ती आठवायला लागली. चिडलेले आठवेनात. हसलेलेही नीट आठवेनात. आठवत होती ती फक्त खुर्चीच्या पाठीवरची थाप.

"मला नीट माहीत नाही रे," ती म्हणाली. "मामाला विचारू या."

आणि ती दोघं तशीच, घरी न जाता, मामाच्या घराकडे वळली.